दोन ऑफिसं, एक टनेल: राउटरवर आयपीसेक लावताना

पुण्यात ऑफिस, चाकणला कारखाना. टॅलीचा डेटा ऑफिसातल्या सर्व्हरवर आणि स्टोअरचा माणूस कारखान्यात. तिथूनच त्याला रोजच्या एंट्र्या करायच्या असतात. अशा वेळी कुणीतरी सुचवतं, ‘दोन्ही राउटरवर आयपीसेक लावून टाका.’ तुम्ही राउटरची स्क्रीन उघडता आणि समोर तीस-पस्तीस रकाने येतात. फेज १, फेज २, डीएच ग्रुप, पीएफएस, लाइफटाइम. काय निवडावं कळत नाही, म्हणून कंपनीने आधीच भरून ठेवलेल्या किमती तशाच ठेवल्या जातात. हिरवा दिवा लागला की सगळे म्हणतात, ‘टनेल लागला.’

बहुतेक प्रश्न त्यानंतरच येतात. टनेल अप दिसतो, पण सर्व्हरला पिंग जात नाही. पिंग जातं, पण फाइल उघडत नाही. दिवसभर चालतं आणि मधेच तुटतं. आणि ज्याबद्दल फार थोडे जण विचारतात, पण ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, तो प्रश्न म्हणजे टनेल लागला खरा, पण दोन्ही राउटरांनी आपसात नेमकं काय ठरवलं? हिरवा दिवा जुन्या, मोडता येणाऱ्या कूटपद्धतीवरही तितकाच हिरवा दिसतो.

तुम्हाला आयपीसेकच हवं आहे का?

आयपीसेकचा खरा उपयोग दोन कायमच्या जागा जोडण्यासाठी आहे. दोन्हीकडे राउटर आहेत, त्यांच्यामागे पाच-पन्नास संगणक आहेत आणि कुणालाही आपल्या संगणकावर वेगळं काही बसवावं लागू नये, अशी तुमची गरज असेल तर हा मार्ग योग्य.

घरून किंवा गाडीतून काम करणाऱ्या दोन-चार माणसांसाठीच हवं असेल, तर वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन लावायला सोपं पडतं. पैसे खर्च करायची तयारी असेल, तर सेवा पुरवठादाराकडून एमपीएलएस किंवा लीज्ड लाइनही मिळते. मात्र ती लाइन खाजगी असली तरी तिच्यावरून जाणारा डेटा आपोआप कूटबद्ध होत नाही, हे लक्षात असू द्या.

एक गोष्ट मात्र आजच बंद करा. सर्व्हरचं रिमोट डेस्कटॉप, म्हणजे पोर्ट ३३८९, राउटरवरून थेट इंटरनेटला उघडून ठेवलं असेल तर ते आधी बंद करा आणि मग पुढचं वाचा. पोर्टचा आकडा बदलून ठेवल्यानेही ते सुरक्षित होत नाही. इंटरनेटवर सतत फिरणारे स्कॅनर सगळेच पोर्ट तपासतात.

राउटरला हात लावण्याआधी तीन तपासण्या

पब्लिक आयपी. दोनपैकी किमान एका टोकाला पब्लिक आयपी लागतोच, आणि तो स्टॅटिक असेल तर उत्तम. तपासायचं असं: राउटरच्या वॅन पानावर दिसणारा पत्ता लिहून घ्या. मग त्याच जोडणीवरून ‘माझा आयपी काय’ असं दाखवणारं कुठलंही संकेतस्थळ उघडा. दोन्ही पत्ते जुळले तर पब्लिक आयपी तुमच्याकडे आहे. वॅनवरचा पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या पट्ट्यात असेल, तर तुम्ही पुरवठादाराच्या सामाईक नॅटच्या, म्हणजे सीजीनॅटच्या मागे आहात. बाहेरून कुणीही तुमच्यापर्यंत पोहोचू शकत नाही आणि डायनॅमिक डीएनएस लावूनही उपयोग नाही. वॅनवर १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर बहुधा फायबरचा डबा स्वतःच राउटर म्हणून काम करतो आहे. पुरवठादाराला तो ब्रिज मोडवर टाकायला सांगा.

एक टोक सीजीनॅटमागे असेल तरी हिरमुसू नका. ज्या टोकाला पब्लिक आयपी आहे ते वाट पाहणारं ठेवा आणि दुसऱ्या टोकाने सुरुवात करायची. दोन्ही टोकं सीजीनॅटमागे असतील, तर मात्र एका ठिकाणी स्टॅटिक आयपी घ्यावाच लागेल. दोन्हीकडे आयपीव्ही ६ मिळत असेल आणि राउटरला जमत असेल, तर टनेल त्यावरूनही बांधता येतो.

आतले पत्ते. कित्येक टनेल इथेच अडकतात. राउटर डब्यातून काढला की त्याचं आतलं जाळं बहुधा १९२.१६८.०.०/२४ किंवा १९२.१६८.१.०/२४ असतं. दोन्ही ऑफिसांत तेच राहिलं, तर पुण्यातल्या संगणकाला १९२.१६८.१.५० हा पत्ता आपल्याच खोलीतला वाटतो. तो पॅकेट टनेलकडे पाठवतच नाही. यावर नॅटची कसरत करून मार्ग निघतो, पण सहा महिन्यांनी ती कुणालाच उमगत नाही. शनिवारी दुपारी बसा आणि एका ऑफिसचे पत्ते बदलून टाका. पुण्याला १०.२०.१.०/२४, चाकणला १०.२०.२.०/२४, पुढे शाखा निघाली तर १०.२०.३.०/२४. प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर आणि बायोमेट्रिक मशीन यांचे हाताने घातलेले पत्तेही तेव्हाच बदला. यात चार तास जातील, पण पुढची कितीतरी वर्षं सुखाची जातील.

राउटरची ताकद. खोक्यावर छापलेला गिगाबिटचा वेग साध्या रहदारीचा असतो. माहितीपत्रकात ‘आयपीसेक थ्रूपुट’ हा आकडा वेगळा दिलेला असतो, तो बघा. कूटबद्ध करण्यासाठी वेगळी चिप नसलेल्या स्वस्त राउटरवर तीनशे एमबीपीएसची लाइन टनेलमधून अगदी थोड्या वेगाने चालू शकते. शक्य असेल तर दोन्हीकडे एकाच कंपनीचा राउटर घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे राउटर जुळतात, पण एकाच गोष्टीला दोन कंपन्या दोन नावं देतात आणि निम्मा वेळ ती नावं जुळवण्यात जातो.

आधी कागद, मग स्क्रीन

मी दोन्ही टोकांच्या माणसांना एकच सांगतो: आधी एक तक्ता भरा. तो भरून, दोघांनी वाचून झाल्याशिवाय कुणीही राउटरमध्ये लॉगिन करायचं नाही. फोनवर ‘तुझ्याकडे काय आहे, माझ्याकडे काय आहे’ असं विचारत केलेलं कॉन्फिगरेशन कुठेतरी चुकतंच. नव्याने लावत असाल, तर तक्त्यात हे लिहा:

- आयकेई व्हर्जन: २
- फेज १ कूटपद्धत: एईएस-२५६
- फेज १ हॅश: एसएचए-२५६
- डीएच ग्रुप: १९ किंवा २०, राउटरला जमत नसेल तर १४
- फेज १ लाइफटाइम: २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास
- फेज २: ईएसपी, टनेल मोड, एईएस-२५६-जीसीएम
- पीएफएस: चालू, फेज १ चाच ग्रुप
- फेज २ लाइफटाइम: ३,६०० सेकंद, म्हणजे एक तास
- डीपीडी (समोरचं टोक जिवंत आहे का याची तपासणी): चालू
- दोन्हीकडचे ओळख-आयडी, पब्लिक पत्ते आणि आतली जाळी

गुप्त किल्ली या कागदावर लिहायची नाही. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

फेज १: दोन राउटर एकमेकांना ओळखतात

पहिल्या टप्प्यात दोन राउटर एकमेकांची खात्री करून घेतात आणि बोलण्यासाठी एक सुरक्षित वाट तयार करतात. इथला पहिला निर्णय व्हर्जनचा. आयकेई म्हणजे राउटर ज्या प्रोटोकॉलने किल्ल्या ठरवतात तो. त्याचं पहिलं व्हर्जन १९९८ सालचं आहे आणि इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने २०२३ मध्ये ते अधिकृतपणे निवृत्त केलं. राउटरच्या यादीत ते आजही दिसतं, बऱ्याचदा आधीच निवडलेलंही असतं. दोन्ही राउटर दुसरं व्हर्जन चालवू शकत असतील, तर पहिलं ठेवण्याचं एकही कारण नाही.

जुन्या व्हर्जनसोबत ‘अ‍ॅग्रेसिव्ह मोड’ नावाचा पर्याय येतो. एका टोकाचा आयपी बदलता असला की टनेल लागत नाही, म्हणून बरेच जण तो चालू करतात आणि टनेल लागतोही. पण त्या मोडमध्ये गुप्त किल्लीवरून काढलेला हॅश कूटबद्ध न होता बाहेर जातो. तो कुणीही मागवून घेऊ शकतो आणि मग आपल्या संगणकावर बसून, तुमच्या राउटरला पुन्हा न शिवता, लाखो शब्द लावून किल्ली शोधू शकतो. दुसऱ्या व्हर्जनमध्ये बदलत्या आयपीच्या टोकाला ‘चाकण.कंपनी’ अशा धर्तीचा नावाचा आयडी देता येतो. मग या मोडची गरजच उरत नाही.

कूटपद्धतीच्या यादीतून काय काढून टाकायचं हेही स्पष्ट असू द्या. डीईएस १९९८ मध्येच एका खास यंत्राने तीन दिवसांच्या आत फोडून दाखवलं होतं. ट्रिपल-डीईएसची कमजोरी २०१६ मध्ये उघड झाली. डीएच ग्रुप १ आणि २ अनुक्रमे ७६८ आणि १०२४ बिटांचे आहेत. मोठी साधनं असलेली सरकारं १०२४ बिटांचा ग्रुप भेदू शकतील, असं संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलं. ग्रुप ५ सुद्धा आता घेऊ नका. एमडी५ आणि एसएचए-१ यांनाही नव्या टनेलमध्ये जागा नको.

बऱ्याच राउटरमध्ये पर्यायांची यादी देता येते आणि सोयीसाठी लोक सगळ्याच खुणा करून ठेवतात. ‘जे जुळेल ते जुळेल,’ असा त्यामागचा विचार असतो, आणि इथेच घात होतो. दोन्हीकडे यादीत ट्रिपल-डीईएस असेल, तर राउटर एखाद्या दिवशी त्यावरच हातमिळवणी करतील आणि तुम्हाला कळणारही नाही. एकच पर्याय ठेवा. जुळला नाही तर टनेल लागणार नाही आणि चूक तुमच्या नजरेस येईल. टनेल लागल्यावर स्थितीच्या पानावर प्रत्यक्षात कोणती पद्धत ठरली ती वाचा आणि तक्त्याशी ताडून पाहा.

फेज २: डेटा कसा जाईल

दुसऱ्या टप्प्यात खऱ्या डेटाचा करार होतो. एएच आणि ईएसपी असे दोन पर्याय दिसले तर ईएसपी घ्या. एएच डेटा झाकत नाही आणि नॅटमधून पारही होत नाही. जीसीएम पद्धत घेतली, तर तिच्यात पडताळणी अंगभूत असते, त्यामुळे हॅशचा रकाना ‘नल’ किंवा रिकामा ठेवायचा असतो. एका टोकाला जीसीएम आणि दुसऱ्या टोकाला सीबीसी असं झालं, तर फेज १ लागतो, फेज २ लागत नाही.

आतली जाळी दोन्हीकडे आरशासारखी उलटी हवीत. पुण्याच्या राउटरवर लोकल १०.२०.१.०/२४ आणि रिमोट १०.२०.२.०/२४, तर चाकणला नेमकं उलट. एका बाजूला /२४ आणि दुसऱ्या बाजूला /१६ असेल, तर काही राउटर चालवून घेतात, काही नकार देतात. कुणाच्या मर्जीवर अवलंबून राहू नका.

पीएफएस म्हणजे किल्ली बदलताना दर वेळी नव्याने डीएच देवाणघेवाण करणं. त्याविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण यात माझे चार दिवस गेले आहेत. एका कारखान्याचा टनेल रोज सकाळी लागायचा आणि साधारण तासाभराने मरायचा. तिथला माणूस राउटर बंद करून चालू करायचा, पुन्हा एक तास निभायचा. सगळ्यांनी इंटरनेटच्या लाइनला दोष दिला आणि पुरवठादाराचा माणूस दोनदा येऊन वायर बदलून गेला. शेवटी मी दोन्ही राउटरच्या स्क्रीन शेजारी शेजारी ठेवून एकेक ओळ बोटाने वाचली. पुण्याकडे पीएफएसमध्ये ग्रुप १४, कारखान्याकडे ‘नन’.

मग टनेल मुळात लागत तरी कसा होता? आयकेईच्या दुसऱ्या व्हर्जनमध्ये फेज २ ची पहिली किल्ली फेज १ च्याच देवाणघेवाणीतून निघते, तेव्हा पीएफएसचा ग्रुप तपासलाच जात नाही. तो तपासला जातो पहिल्यांदा किल्ली बदलायची वेळ आली की, म्हणजे ३,६०० सेकंद भरत आल्यावर. म्हणून तुमचा टनेल ठरावीक वेळाने, घड्याळ लावल्यासारखा तुटत असेल, तर लाइन नव्हे, पीएफएस आधी बघा.

लाइफटाइम दोन्हीकडे सारखे ठेवावेत. दुसऱ्या व्हर्जनमध्ये ते वेगळे असले तरी टनेल चालतो, कारण प्रत्येक राउटर आपापली वेळ पाळतो. तरीही तक्त्यात एकच आकडा असला की दोष शोधताना एक शंका कमी होते.

गुप्त किल्ली

कंपनीचं नाव आणि साल जोडून केलेली किल्ली मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता ती अंदाजानेही सांगता येते. आणि जी मला सांगता येते ती चोरालाही येते. किल्ली माणसाने सुचवायचीच नाही. पासवर्ड मॅनेजरकडून ३२ अक्षरांची तयार करून घ्या, फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे असलेली. विशेष चिन्हं टाळा, कारण काही राउटर अवतरणचिन्ह किंवा प्रश्नचिन्ह वेगळ्या अर्थाने घेतात आणि मग दोन्हीकडे ‘तीच’ किल्ली असूनही ओळख पटत नाही. चिकटवताना शेवटी एखादी मोकळी जागा आली तरी हेच होतं.

- प्रत्येक टनेलची किल्ली वेगळी. पाच शाखांना एकच दिली, तर एका शाखेतून ती फुटल्यावर पाचही बदलाव्या लागतात.
- व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर किंवा तक्त्यासोबत ईमेलने पाठवू नका. पासवर्ड मॅनेजरमधून द्या, नाहीतर फोनवर वाचून दाखवा.
- राउटर सांभाळणारा माणूस किंवा एजन्सी बदलली, तर त्याच आठवड्यात किल्ली बदला.
- शाखा वाढत असतील, तर किल्लीऐवजी सर्टिफिकेट वापरा. सुरुवातीला मेहनत जास्त आहे, पण एक शाखा बंद झाली तर तिचं एकच सर्टिफिकेट रद्द करून भागतं.

फायरवॉल आणि नॅट

बाहेरून येणाऱ्या रहदारीत तीनच गोष्टींना वाट द्यायची: यूडीपी ५००, यूडीपी ४५०० आणि ईएसपी, म्हणजे आयपी प्रोटोकॉल क्रमांक ५०. हा ५० पोर्ट नव्हे, प्रोटोकॉल आहे. टीसीपी ५० उघडून बसलेले लोक मला भेटले आहेत. मधे कुठे नॅट असेल, तर राउटर तो आपोआप ओळखतात आणि सगळा डेटा यूडीपी ४५०० मधून नेतात. दुसऱ्या टोकाचा आयपी स्टॅटिक असेल, तर ही वाट फक्त त्याच पत्त्यासाठी उघडा.

नॅटची सवलत हा सर्वांत जास्त राहून जाणारा रकाना. इंटरनेटला जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटचा पत्ता राउटर बदलतो. टनेलसाठी निघालेल्या पॅकेटचाही पत्ता असाच बदलला गेला, तर ते टनेलच्या नियमात बसत नाही आणि बाहेरच पडतं. मायक्रोटिकवर मास्करेडच्या नियमाच्या वर, १०.२०.१.०/२४ वरून १०.२०.२.०/२४ ला जाणाऱ्यांसाठी ‘अ‍ॅक्सेप्ट’चा नियम ठेवा. तिथल्या मूळ कॉन्फिगरेशनमधला फास्टट्रॅकही आयपीसेकच्या रहदारीला लागू होणार नाही असं करा, नाहीतर जोडणी लागते आणि अडखळते. सिस्कोच्या राउटरवर नॅटच्या अ‍ॅक्सेस-लिस्टमध्ये हीच जोडी आधी ‘डिनाय’ करा. फोर्टिगेटवर दोन्ही दिशांची पॉलिसी लिहा आणि त्या पॉलिसीत नॅट बंद ठेवा.

टनेल चालत नाही, तेव्हा या क्रमाने

दहा रकाने एकदम बदलू नका. एक बदला, लॉग वाचा, मग पुढचा.

1. लॉगमध्ये काहीच नाही: पॅकेट पोहोचतच नाही. दुसऱ्या टोकाचा पत्ता, यूडीपी ५०० आणि ४५००, सीजीनॅट बघा.
2. ‘नो प्रपोजल चोझन’: कूटपद्धत, हॅश किंवा ग्रुप जुळत नाही. तक्ता काढा.
3. ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’: किल्ली चुकली, नाहीतर ओळख-आयडी. नॅटमागचा राउटर आपला आयडी म्हणून आतला पत्ता सांगतो आणि समोरचा पब्लिक पत्त्याची वाट बघत बसतो. दोन्हीकडे नावाचा आयडी ठेवला की हे मिटतं.
4. ‘टीएस अनअ‍ॅक्सेप्टेबल’: आतली जाळी आरशासारखी नाहीत.
5. टनेल अप, पण पिंग नाही: पॅकेटचे आकडे बघा.

पाचव्या मुद्द्यावर जरा थांबा. बहुतेक राउटर बाहेर गेलेल्या आणि आत आलेल्या पॅकेटची मोजणी दाखवतात. सिस्कोवर ‘शो क्रिप्टो आयपीसेक एसए’ दिलं की ‘एनकॅप्स’ आणि ‘डीकॅप्स’ असे दोन आकडे येतात. चाकणहून पिंग चालू ठेवा आणि तिथलेच आकडे बघत राहा. एनकॅप्स शून्यावरच असेल, तर पॅकेट टनेलमध्ये शिरतच नाही. म्हणजे चाकणचा नॅट किंवा रूट चुकला आहे. एनकॅप्स वाढतो आहे, पण डीकॅप्स शून्य, तर आपलं पॅकेट गेलं आणि उत्तर आलं नाही. आता पुण्याचे आकडे बघा. तिथे डीकॅप्स वाढत असेल आणि एनकॅप्स शून्य, तर पॅकेट पुण्याच्या राउटरपर्यंत पोहोचलं आहे आणि उत्तर तिथेच अडलं आहे. सर्व्हरचा डीफॉल्ट गेटवे हाच राउटर आहे का ते बघा. विंडोजचा स्वतःचा फायरवॉलही दुसऱ्या जाळ्यातून आलेला पिंग अनेकदा अडवतो.

पिंग जातं, फाइल उघडत नाही

हे लक्षण दिसलं तर दोष बहुधा पॅकेटच्या आकाराचा असतो. साधं पॅकेट १,५०० बाइटांचं, त्यावर आयपीसेकचं वेष्टण चढतं आणि ते लाइनमध्ये मावत नाही. पीपीपीओई जोडणीवर तर मुळात १,४९२ च मिळतात. छोटं पिंग पार होतं, फाइलचे मोठे तुकडे वाटेत गळतात. विंडोजवरून न तुटणारं पिंग १,३७२ बाइटांचं पाठवून बघा, त्यात शीर्षकाचे २८ मिळवले की बरोबर १,४०० होतात. ते पार झालं तर राउटरवर टीसीपी एमएसएस १,३६० वर बांधा. नाही झालं, तर आकडा थोडा थोडा कमी करत जे पार होईल त्यात २८ मिळवा आणि एमएसएस त्याहून ४० ने कमी ठेवा.

टनेलच्या आतही कुलूप हवं

टनेल लागला की बरेच जण ‘सगळ्यांना सगळं’ असा नियम लिहून मोकळे होतात. मग कारखान्यातल्या एखाद्या संगणकावर पेनड्राइव्हमधून खंडणीचा व्हायरस शिरला, तर तो याच टनेलने ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत जातो, तोही कूटबद्ध होऊन. कारखान्याला काय लागतं ते मोजा. टॅलीचा सर्व्हर, मूळ सेटिंगमध्ये पोर्ट ९०००. फाइल शेअरिंग असेल तर ४४५. रिमोट डेस्कटॉप असेल तर ३३८९, आणि तेही त्या एकाच सर्व्हरपुरतं. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि पाहुण्यांचं वायफाय टनेलच्या बाहेरच राहू द्या.

अपडेट कुणी करायचं?

एप्रिल २०२३ मध्ये झायक्सेलच्या फायरवॉलमधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली आणि दुरुस्तीही सोबतच आली. त्रुटी होती आयकेईचं पॅकेट वाचणाऱ्या भागात. यूडीपी ५०० वर एक खास बनवलेलं पॅकेट पाठवलं की पासवर्डशिवाय यंत्र ताब्यात येत होतं. ११ मे रोजी डेन्मार्कमधल्या १६ ऊर्जा कंपन्यांवर एकाच वेळी हल्ला झाला आणि ११ ठिकाणी तो यशस्वी झाला. दुरुस्ती येऊन दोन आठवडे उलटले होते. तिथल्या सायबर सुरक्षा केंद्राने नंतर चौकशी केली, तेव्हा काही कंपन्यांना वाटत होतं की अपडेट पुरवठादाराने केलं असेल.

आपल्याकडेही मालकाला वाटतं एजन्सी करते आणि एजन्सीला वाटतं करारात नाही. म्हणून करारात लिहून घ्या: गंभीर त्रुटीची दुरुस्ती किती दिवसांत बसवणार आणि त्याचे पैसे वेगळे की त्यातच. राउटरचं व्यवस्थापनाचं पान इंटरनेटवरून दिसत असेल तर बंद करा. कंपनीने ज्याचे अपडेट थांबवले आहेत, तो राउटर टनेलसाठी वापरू नका.

कायदा काय म्हणतो आणि तुमचा हक्क कशावर

‘व्हीपीएन लावलं तर ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवावी लागते म्हणे,’ अशी धास्ती अनेकांना आहे. सर्ट-इन म्हणजे केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतली ही अट लोकांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांसाठी आहे. कंपनीने स्वतःच्या कामासाठी लावलेल्या व्हीपीएनला ती लागू नाही, असं सर्ट-इनने नंतरच्या खुलाशात स्पष्ट केलं आहे. त्याच निर्देशांतल्या या गोष्टी मात्र कंपन्यांनाही लागू आहेत:

- लॉग १८० दिवस जपायचे. राउटरच्या स्मृतीतले लॉग वीज गेली की पुसले जातात, म्हणून ते सिसलॉग सर्व्हरवर पाठवा.
- घड्याळ प्रमाणित वेळेशी जुळवून ठेवायचं.
- निर्देशांत दिलेल्या प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची.

ग्राहकांची किंवा कामगारांची वैयक्तिक माहिती टनेलमधून जात असेल, तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही लक्षात घ्या. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि सुरक्षेच्या उपायांत कूटबद्धतेचा उल्लेख त्या नियमांतच आहे.

तुमच्या पैशाने घेतलेल्या राउटरचा पासवर्ड तुमच्याकडेच हवा. ‘पासवर्ड दिला तर तुम्ही बिघडवाल,’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. शेवटचं बिल देण्याआधी एजन्सीकडून एवढं मागून घ्या:

- दोन्ही राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड, पाकिटात बंद
- कॉन्फिगरेशनचा बॅकअप आणि भरलेला तक्ता
- स्टॅटिक आयपी तुमच्या कंपनीच्या नावावर असल्याचं पुरवठादाराचं पत्र किंवा बिल
- राउटरमध्ये एजन्सीचं स्वतःचं लॉगिन असेल, तर त्याची लेखी माहिती

आणि ताबा घ्यायच्या दिवशी घाई करू नका. टनेल लागल्यावर सव्वा तास थांबा, म्हणजे फेज २ ची किल्ली एकदा तुमच्यासमोर बदलेल. चाकणचा राउटर बंद करून चालू करायला लावा, मग पुण्याचा. लाइनची वायर दोन मिनिटं काढून परत लावा. प्रत्येक वेळी टनेल कुणीही हात न लावता परत उभा राहिला आणि चाकणच्या माणसाने टॅलीत एक एंट्री करून दाखवली, की मग सही करा.